आमच्या रानातला चापडा

साप म्हटले की शाळेच्या पुस्तकातली चार नावे आपल्या तोंडी येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. विषारी साप एवढेच आणि बाकीचे सगळे बिनविषारी, अशी आपली सोयीस्कर वाटणी असते. आमच्या वसतिगृहातल्या शिरोळ-हातकणंगल्याकडच्या मैत्रिणींना पाचवे नाव विचारले तर त्या फार तर धामणीचे नाव घेतात, आणि ती बिचारी तर बिनविषारी. परंतु आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, म्हणजे शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी पट्ट्यात कोणत्याही वाडीवर जाऊन विचारा, पाचवे नाव लहान पोरही सांगेल. ते नाव म्हणजे चापडा.

माझे गाव आजरा तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आंबोलीच्या वाटेवर आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे सुट्टीत घरी गेले की, ‘तुझ्या पुस्तकात आमच्या रानातलं काय असतं?’ हा प्रश्न ठरलेला. या लेखापुरते तरी त्याचे उत्तर द्यावे, असे मनात आहे. चापड्यावर लिहिण्याचे आणखीही एक कारण आहे, ते ओघात येईलच.

आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिकडे शिरोळकडे पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागते. एकाच जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्या शेजारापर्यंत हा एवढा फरक! आंबोलीत हिरण्यकेशी उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लज करीत पुढे कर्नाटकात घटप्रभेला मिळते. त्या उगमाच्या कुंडात मिळालेल्या एका चिमुकल्या माशाची जगाला नवी म्हणून ओळख झाली ती २०२० साली, आणि पुढच्याच वर्षी ती जागा राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. सांगायचा मुद्दा हा, की या ओल्या, धुकट, शेवाळलेल्या डोंगरात अजून माणसाने नीट न पाहिलेले पुष्कळ आहे. चापडा याच ओलाव्याचा जीव आहे.

आमच्याकडे चापडा या एका नावाखाली दोन साप मोडतात. एक बांबूच्या बेटात आणि झुडपात राहणारा हिरवा चापडा. जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८०२ साली त्याला ‘ग्रॅमिनियस’, म्हणजे गवताचा, असे नाव दिले. दुसरा मलबारी चापडा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासकडील सैन्यात डॉक्टर असलेल्या टी. सी. जर्डन यांनी १८५४ साली त्याचे वर्णन केले. हे जर्डन पक्ष्यांचे मोठे जाणकार होते. मलबारी चापडा सह्याद्री सोडून जगात कोठेही सापडत नाही. दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि तेथून खाली केरळ-तामिळनाडूपर्यंतचे घाट, एवढेच त्याचे जग. अलीकडे शास्त्रज्ञांनी या दोघांचेही घराणे बदलून त्यांना ‘क्रॅस्पेडोसेफॅलस’ असे भारदस्त नाव दिले आहे. आमच्या वाडीवर त्याने काही फरक पडलेला नाही.

घोणस आणि फुरसे ज्या कुळातले, त्याच कुळाची चापडा ही एक शाखा. डोके त्रिकोणी, मान बारीक, डोळ्यातली बाहुली मांजरासारखी उभी. लांबी क्वचित तीन फुटांच्या वर जाते, बहुधा दोन-अडीच फुटांतच आटोपते. शेपूट मात्र मोठी गमतीची. ती फांदीला वेटोळे घालून घट्ट धरते आणि बाकीचे अंग मोकळे सोडून साप झेप घेऊ शकतो. मलबारी चापड्याच्या रंगाविषयी तर एक स्वतंत्र लेख होईल. हिरव्या अंगावर काळसर ठिपके असलेला, पिवळाधमक, मातकट तपकिरी, विटकरी झाक असलेला, असे नाना प्रकार एकाच ओढ्याच्या काठाला दिसतात. आमची आजी यांना वेगवेगळे साप समजे आणि प्रत्येकाचे विष वेगळे सांगे. वस्तुतः जात एकच. शेवाळावर हिरवा लपतो, पालापाचोळ्यावर तपकिरी लपतो आणि पिवळा कोठे लपतो हे मला आजतागायत कळलेले नाही.

आता स्वभाव. चापड्याइतका बैठा साप दुसरा नसेल. धामण उंदरामागे पळते, नाग बिळे धुंडाळतो. चापडा भक्ष्य आपल्याकडे येण्याची वाट बघतो. रात्री ओढ्याच्या कडेला एखाद्या दगडावर किंवा कमरेइतक्या उंचीच्या फांदीवर तो मान इंग्रजी ‘एस्’ अक्षरासारखी आखडून बसतो. समोरून बेडूक, पाल, सरडा, उंदीर, एखादे लहान पाखरू जे जाईल ते त्याचे. काही आलेच नाही तर तसाच बसून राहतो. दिवसा त्याच जागी वेटोळे करून झोपतो आणि पुन्हा रात्री तेथेच. पावसाळ्यात बेडूक माजतात तेव्हा त्याची चंगळ असते आणि तो जास्त दिसतो तोही त्याच दिवसांत. एकच साप त्याच फांदीवर चार-चार दिवस पाहिल्याचे आमच्याकडे कोणीही सांगेल. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते म्हणतात, “त्यो कुटं पळून जात न्हाई आन् अंगावर बी येत न्हाई. आपुनच त्येच्या अंगावर जातो.” प्राणिशास्त्राच्या जाड पुस्तकातली दोन पाने या एका वाक्यात आली आहेत, असे मला वाटते.

काळोखात, धो धो पावसात या आळशी सापाला भक्ष्य दिसते कसे? याचे उत्तर त्याच्या चेहऱ्यावर आहे. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक खळगी असते. वरवर पाहणाऱ्याला ती दुसरी नाकपुडीच वाटते. ही खळगी कशासाठी, याविषयी शास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे तर्क करीत होते. कोणी तिला कान म्हटले, कोणी वास घेण्याचे इंद्रिय म्हटले. १९३७ साली नोबल आणि श्मिट या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशा खळगीच्या सापांचे डोळे झाकले आणि त्यांच्यापुढे विजेचे दिवे कापडात गुंडाळून धरले. गरम दिव्यावर साप नेमका झेपावला, थंड दिव्याकडे त्याने लक्ष दिले नाही. खळग्या बंद केल्या की हा नेम गेला. म्हणजे ती खळगी उष्णता ‘पाहते’.

आपण डोळे मिटून चुलीपुढे तोंड फिरवले तर चूल कोणत्या बाजूला आहे हे गालाला कळते. चापड्याची खळगी हेच काम करते, मात्र कैक पटींनी बारीक. खळगीच्या आत केसाच्या जाडीहूनही पातळ असा एक पडदा ताणलेला असतो. पाठीमागे हवा असल्यामुळे तो चटकन तापतो आणि चटकन निवतो. एका अंशाच्या शतांशाहूनही कमी फरक त्याला कळतो. हा निरोप ज्या मज्जातंतूने मेंदूकडे जातो तो चेहऱ्याचा आहे, डोळ्याचा नव्हे. पण मेंदूत मात्र तो जेथे डोळ्यांचे चित्र उमटते तेथेच जाऊन पोचतो. म्हणजे त्या सापाला उंदीर दिसतो तेव्हा त्याच्या रूपावर त्याची ऊबही पसरलेली दिसत असावी. आपल्याला याची कल्पना करणे अवघड आहे.

यात आणखी एक नवल आहे. २०१० साली कॅलिफोर्नियातील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने घुंगरू वाजवणाऱ्या अमेरिकन सापावर काम करून या पडद्यातले उष्णता ओळखणारे प्रथिन शोधून काढले. अगदी त्याच घराण्यातले प्रथिन माणसातही असते. आपल्यात ते मोहरीचा झणका ओळखते!  याच ज्युलियस यांना २०२१ साली दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कामाची सुरुवात मिरचीचा तिखटपणा शरीराला कळतो कसा, या प्रश्नातून झाली होती. तांबड्या रश्श्याच्या गावात ही गोष्ट सांगताना मला विशेष आनंद होतो.

पण बेडूक तर थंड रक्ताचा, मग तेथे खळगीचा काय उपयोग, अशी शंका एखादा चाणाक्ष वाचक घेईल. मीही घेतली होती. त्याचे उत्तर असे की खळगीला कळतो तो भोवतालाशी असलेला फरक. ओल्या अंगाचा बेडूक दगडापेक्षा किंचित थंड असला तरी तोही फरकच झाला. शिवाय चापड्याचे डोळे आणि जीभ काही झोपलेली नसतात.

चापड्याची मादी अंडी घालत नाही, ती थेट पिलांना जन्म देते. ओल्या जंगलात अंडी कुजण्याची भीती मोठी, तेव्हा ती पोटातच सांभाळणे शहाणपणाचे. पिले जन्मतःच विषारी असतात आणि त्यांना आईची गरज नसते.

आता हिरव्या सापांच्या गोंधळाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या गोंधळात पुष्कळ निरपराध साप मरतात. हरणटोळ हिरवा असतो, पण तो दोरीसारखा सडपातळ, तोंड चोचीसारखे टोकदार आणि डोळ्यातली बाहुली आडवी. तो झाडावरून टाळूवर उडी मारून कवटीला भोक पाडतो, ही आपल्याकडची पक्की समजूत. त्याचे विष सरड्या-पालींपुरते, माणसाला त्यापासून धोका नाही. दुसरा गवत्या. तोही हिरवा, जाडसर, जमिनीवरचा, भेकांवर जगणारा. त्याची बाहुली गोल असते आणि तोही माणसाला निरुपद्रवी. चापड्याचे रुंद त्रिकोणी डोके, बारीक मान आणि उभी बाहुली एकदा नीट पाहिली की चूक होत नाही. अर्थात बाहुली पाहण्याइतके जवळ जाऊ नये, हे सांगायला नको.

आता मी मघाशी म्हटलेल्या कारणाकडे येते.

आमच्याकडे साप चावला असे कोणी म्हणत नाही, ‘पान लागले’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी आबांना पान लागले. बांबूच्या बेटात कोयत्याने काठी तोडताना डाव्या हाताच्या बोटाला चापडा चावला. चापड्याचे बहुतेक दंश असेच हाताला किंवा पायाला होतात, कारण तो कमरेइतक्या उंचीवर नाहीतर ओढ्याच्या दगडावर न हलता बसलेला असतो आणि आपण पाने बाजूला सारायला बेसावध हात घालतो. आबांना तसेच देवऋषीकडे नेले. रात्रभर मंत्र झाले, कडुलिंबाच्या डहाळ्या झाल्या. हात कोपरापर्यंत सुजला, वेदनेने आबा लोळत होते, बोटाची कातडी काळी पडली. चौथ्या-पाचव्या दिवशी सूज उतरू लागली आणि आबा बरे झाले. ते बोट आजही पुरते मिटत नाही. देवऋषीला नारळ दिला, कोंबडे दिले आणि त्याचे नाव पंचक्रोशीत आणखी मोठे झाले.

हा देवऋषी लबाड माणूस नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. तो पैसे मागत नाही, मध्यरात्री उठून येतो आणि आपल्या मंत्राने विष उतरते यावर त्याचा स्वतःचा मनापासून विश्वास आहे. तो विश्वास त्याला कोठून आला? चापड्याकडून! चापड्याचे विष रक्तावर आणि मांसावर काम करते. जबर वेदना, सूज, कधी फोड, कधी रक्त न गोठणे. पण माणूस दगावणे अगदी विरळ. आमच्या रानात माणसाला चावणारा साप बहुतेक वेळा चापडाच, त्यामुळे देवऋषीकडे आलेले बहुतेक लोक मंत्राविनाही जगलेच असते. त्याच्या हिशोबात खोट नाही. तो ज्या सापावर मोजतो आहे तो साप मुळात मारणारा नाही.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. चापड्याने आमच्या लोकांना विषाची एक खूण शिकवून ठेवली आहे. सूज चढली म्हणजे विष चढले, सूज उतरली म्हणजे विष उतरले. मण्यार चावते तेव्हा सूज येत नाही. वेदनाही नाममात्र. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा त्याला चावल्याचे कळतही नाही. पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते आणि काही तासांत श्वास चालवणारे स्नायू थांबतात. आबांच्या नंतरच्याच वर्षी शेजारच्या वाडीतल्या एका मुलाला पहाटे पोटात दुखू लागले. पायावर बारीक खूण दिसली. देवऋषीने पाय पाहिला, सूज नव्हती. “विष चढल्यालंच न्हाई,” असे त्याने सांगितले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दवाखान्याच्या वाटेवर मुलगा गेला तेव्हा नीट उजाडलेही नव्हते. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान होता.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात असताना एका ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना मी याविषयी खोदून खोदून विचारले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या दृष्टीने नवीन होती. आपल्याकडे सर्पदंशावर दिली जाणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारच सापांच्या विषापासून, ते घोड्याला थोडे थोडे टोचून तयार करतात. चापड्याचे विष तीत नसते, म्हणून चापड्याच्या दंशावर ती फारशी लागू पडत नाही. “मग आमच्या आबांनी दवाखान्यात येऊन काय करायचे होते?” असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, “कोणता साप चावला हे रोग्याला बहुतेक वेळा ठाऊकच नसते. ते ठरवायला तरी यायलाच हवे.” ते एक साधी तपासणी करतात. रोग्याचे थोडे रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची. गोठले असेल तर ठीक. पातळच राहिले तर विष रक्तात भिनले आहे. पापण्यांवर, श्वासावर लक्ष ठेवतात. लघवी पाहतात, कारण या शाखेतला नाक वर उचललेला एक तपकिरी भाईबंद केरळात आणि श्रीलंकेत माणसाची मूत्रपिंडे निकामी करतो आणि तो सह्याद्रीतही आहे. वेदनेवर औषध देतात, जखम सडू देत नाहीत. आबांचे बोट कदाचित वाचले असते. आणि आवळून दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे यांतले काहीही करू नये. हात-पाय न हलवता, काठीचा आधार बांधून रोग्याला उचलून आणावे, हे त्यांनी दोनदा सांगितले.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यातली. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला २०१७ साली दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले आणि केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याची योजना २०२४ साली जाहीर केली. योजना चांगली आहे. मात्र आमच्या वाडीवर ती पोचायची तर आधी चापडा आणि मण्यार यांतला फरक पोचला पाहिजे.

असे काम आपल्याच जिल्ह्यात पूर्वी झालेले आहे. चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीला बाबुराव टक्केकर यांनी शाळेतच सर्पशाळा सुरू केली आणि नागपंचमीला खेड्यापाड्यातल्या लोकांना साप दाखवून, त्यांची माहिती सांगून, अंधश्रद्धा घालवण्याचा प्रयत्न केला. शहरात बसून व्याख्यान देणे निराळे आणि डोंगरातल्या शाळेत हे करणे निराळे.

चापड्यालाही आता बरे दिवस आहेत असे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिले आहे, पण घाटरस्त्यावरून भिजत, सावकाश सरपटणाऱ्या सापाला मोटारीच्या चाकापासून कोणता कायदा वाचवणार? पावसाळ्यात आंबोलीला हौशी छायाचित्रकारांची गर्दी होते. त्यातले बहुतेक जण सापाला हात न लावता पाहतात. काही मात्र काठीने उचलून त्याला छानशा फांदीवर ‘बसवतात’ आणि मग त्याचे नैसर्गिक जीवन टिपतात!

यंदा श्रावणात आमच्या गोठ्यामागच्या करवंदीच्या जाळीत एक हिरवा चापडा येऊन बसला. वडिलांनी त्याला मारायला काठी उचलली होती, आबांनीच अडवले. आईने वाळत घालायची दोरी पलीकडच्या फणसाला बांधली आणि धाकट्या भावाला त्या बाजूला जायची बंदी झाली. आबा रोज सकाळी लांबून बघून येत आणि “हाय अजून” असे सांगत. नऊ दिवस तो तेथे होता. दहाव्या दिवशी जाळी रिकामी होती. आबांनी अर्धा दिवस काठीने सगळा गोठा, पेंढ्याची गंज आणि जळणाचा ढीग चाचपून पाहिला, आणि मगच आईला दोरी पुन्हा जागेवर बांधू दिली.